अठरा सेकंदांचे एकमेव समर्थक

आमचे आजोबा चौतीस सेकंदांत रस्ता ओलांडतात. हे मी अंदाजाने ठोकून देत नाहीये. खेळाच्या बाईंकडून शाळेचं स्टॉपवॉच मागून आणून, सलग सहा दिवस सकाळी फुटपाथच्या कडेला उभं राहून मी ते मोजलंय. एका दिवशी छत्तीस लागले, कारण अर्ध्यात ओळखीचे पोस्टमन भेटले. एका दिवशी बत्तीस, कारण शेजारी थांबलेल्या ट्रकने कानात हॉर्न मारला. पोस्टमन आणि ट्रक दोघांनाही वगळलं की बरोबर चौतीस.

वगळायचं हे आजोबांनीच सांगितलं. ते जन्मभर जमीन मोजणीच्या खात्यात होते. आमच्या घरात कपाट हलवायचं असलं तरी आधी मोजणी होते, मग त्या मोजणीची मोजणी होते, आणि तोवर बाबांनी कपाट हलवून झालेलं असतं.

रोज सकाळी आठ वाजता आजोबा रस्ता ओलांडतात ते पलीकडच्या शिंपीआजोबांच्या दुकानासमोरच्या बाकावर बसायला. दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो. शिंपीआजोबा गळ्यात टेप घालून बाकावर बसतात, कारण टेपशिवाय त्यांना शर्ट न घातल्यासारखं वाटतं. हे दोघं एकच वर्तमानपत्र अर्धं अर्धं वाटून वाचतात आणि मग भांडतात. भांडतात हा माझा शब्द. आजोबांचा शब्द आहे 'विचारविनिमय'. चाळीस वर्षांत या दोघांचं एकदाही एकमत झालेलं नाही आणि चाळीस वर्षांत दोघांनी एकमेकांना 'आपण' सोडून दुसरं काही म्हटलेलं नाही. शाळा किती वाजता भरवावी यावर तीन वर्षं चाललं होतं. शेवटी सरकारने वेळ ठरवली, ती दोघांनाही अमान्य आहे.

त्यांचा एक नियम आहे. समोरच्याला विरोध करायचा असेल, तर आधी त्याचं म्हणणं आपण मांडून दाखवायचं. तेही असं, की तो स्वतः म्हणाला पाहिजे, "बरोबर! हेच म्हणायचं होतं मला." मगच आपली हरकत. मी लहानपणापासून या बाकावर बसून हे ऐकत आलेय, आणि यंदा शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मी हाच नियम वापरून दुसरी आले. चषक माझ्या अंगठ्याएवढा आहे, पण तो मिळाल्यापासून माझ्या आवाजात फरक पडलाय असं आई म्हणते. ती हे कौतुकाने म्हणत नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, नगरपालिकेने चौकातल्या खांबावर एक कागद चिकटवला. चौकातल्या सिग्नलवर पायी चालणाऱ्यांना जे चाळीस सेकंद मिळतात, ते कमी करून अठरा करण्याचं योजलं आहे. कुणाच्या हरकती वा सूचना असतील तर तीस दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात.

अठरा! मी कागदाकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, मग आजोबांच्या काठीकडे बघितलं. अठरा सेकंदांत आजोबा बरोबर रस्त्याच्या मध्यावर असणार होते आणि दोन्हीकडची वाहनं सुटणार होती.

"म्हणजे माझं बंद," आजोबा म्हणाले. एवढंच. खरेदीची यादी वाचावी तसं.

माझ्या तर अंगात संचारलंच. पण मी स्पर्धेत दुसरी आलेली मुलगी होते, गल्लीत आरडाओरडा करणारी नव्हते. मी म्हटलं, "आजोबा, आपण हरकत घेऊ. आकडेवारीसकट!"

इथून पुढचे बारा दिवस आमचं घर हे घर नव्हतं, ती एक चौकशी समिती होती. मी एकसष्ट माणसांना रस्ता ओलांडताना मोजलं. बाळ कडेवर घेतलेली बाई बावीस. काठीवाले एकतीस ते अडतीस. आमच्या शाळेतली मुलं नऊ, पण ती मुळात सिग्नल बघतच नाहीत म्हणून आजोबांनी तो आकडा खोडला. रस्त्याची रुंदी मोजायची म्हणून शिंपीआजोबांनी गळ्यातली टेप काढली. दीड मीटरची टेप! आजोबा म्हणाले, "आपण याला मोजणी म्हणता?" शिंपीआजोबा म्हणाले, "आपण आयुष्यभर साखळ्या ओढल्यात, मी माणसं मोजलीत. इंचाची चूक झाली तर जमीन ओरडत नाही, गिऱ्हाईक ओरडतं." आणि ते वाकून, खडूने खुणा करत, सिग्नलच्या चार फेऱ्यांत रस्ता मोजून आले. चौकातला हवालदार शिट्टी तोंडातून काढून म्हणाला, "आजोबा, रस्त्याला पँट शिवताय का?"

इमारतीत बातमी फुटली आणि सल्ल्यांचा पूर आला. वरच्या मजल्यावरचे विमेवाले काका बनियनवर खाली आले. "आकडेवारी कोण वाचतं? हृदयविकार लिहा. आजोबांना हृदयविकार आहे असं लिहा."

"मला हृदयविकार नाही," आजोबा म्हणाले.

"नसू दे ना. कुठे ते तपासायला येणार आहेत?"

"मग ते खोटं होईल."

काकांनी आजोबांकडे फार दयेने पाहिलं. मुदत संपलेल्या पॉलिसीकडे बघतात तसं.

बाबांचं मत होतं की आपण या भानगडीत पडूच नये, आणि पडायचंच तर इतक्या नम्रपणे पडावं की पडल्याचा आवाज येऊ नये. "साहेब लोकांना नम्र भाषा आवडते," ते म्हणाले. बाबा तेवीस वर्षं नोकरीत आहेत, त्यांना साहेब लोकांना काय आवडतं याची पूर्ण माहिती आहे. त्याचा त्यांना काय उपयोग झाला ते मात्र अजून कळायचंय.

आई दाताच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. दिवसभर लोकांचे अर्ज भरून घेते. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहा, विरोध. मग खाली काय तुमचा निबंध लिहायचा तो लिहा. माणसं पहिली ओळ वाचतात."

हे वाक्य ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा तर दाराशी येऊन, हात पुसत. आणि आम्ही, म्हणजे समोरच्याचं म्हणणं नीट ऐकून घेण्याबद्दल चौकात प्रसिद्ध असलेले आजोबा आणि वादविवादात दुसरी आलेली मी, दोघांनीही ते ऐकलं नाही. आम्ही 'तथापि' चांगलं की 'परंतु' यावर विचारविनिमय करत होतो.

विषयाची ओळ आजोबांनी सांगितली: 'पादचारी सिग्नलच्या वेळेबाबत'. मी म्हटलं, थोडं मिळमिळीत नाही का वाटत? ते म्हणाले, "दार उघडायच्या आधीच ओरडायचं नसतं." आणि मग पहिला परिच्छेद. नियमाप्रमाणे त्यात त्यांचं म्हणणं. आजोबा म्हणाले, "त्यांच्या जागी बस. त्यांनी हे का केलं असेल?" मी खरंच बसले. चौकात वाहनं तुंबतात हे खरं होतं. मागच्याच महिन्यात एक रुग्णवाहिका आमच्या खिडकीखाली सात मिनिटं नुसती केकाटत उभी होती, हेही खरं. मी लिहिलं:

'महोदय, चौकातील गर्दीत रुग्णवाहिका अडकून पडतात हे आम्ही रोज पाहतो. पादचाऱ्यांचा वेळ कमी केल्यास आत तळमळणारा रुग्ण लवकर इस्पितळात पोचेल, ही आपली भूमिका माणुसकीची आहे. तिचा आम्ही मनापासून आदर करतो.'

दुसऱ्या परिच्छेदात 'तथापि'. मग चौतीस सेकंद, एकसष्ट माणसं, बाळवाली बाई. आणि सूचना अशी, की दिवसभर नको, फक्त सकाळी आठ ते अकरा आहेत ते चाळीस सेकंद ठेवा, किंवा खांबाला बटण बसवा, ज्याला गरज आहे तो दाबेल. तिसऱ्या परिच्छेदात आभार. खरं सांगते, पहिला परिच्छेद वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात मी इतकं चांगलं काही लिहिलेलं नव्हतं.

नगरपालिकेत हरकती घेणारी खिडकी तळमजल्यावर, जिन्याखाली होती. खिडकीतल्या बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"वय?"

"पंधरा."

"मतदार नाहीस. तुझी हरकत चालत नाही."

"पण रस्ता तर मीही ओलांडते!"

"ओलांड की. हरकत घेऊ नकोस."

म्हणून अर्ज आजोबांच्या नावाने झाला. मग कळलं, तीन प्रती लागतात. मग कळलं, तिन्हींवर सही निळ्या शाईची हवी, आजोबांचं पेन काळं होतं. निळं पेन आणेपर्यंत बाईंची जेवायची सुट्टी झाली. आजोबा जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. शेवटी खिडकी उघडली, बाईंनी प्रत घेतली, चष्मा लावला आणि वाचू लागल्या. आणि वाचता वाचता त्या चक्क हसल्या.

"किती छान लिहिलंय गं! रोज इथे नुसत्या शिव्या येतात. ऐका हो," त्यांनी मागच्या टेबलावरच्या माणसाला पहिला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. तो माणूस म्हणाला, "वा!" बाई म्हणाल्या, "माणुसकीची भूमिका. बरोबर आहे अगदी." आणि त्यांनी कॉम्प्युटरवर टाइप करायला घेतलं. पडद्यावर एक छोटीशी चौकट होती. त्यात काही शब्द मावले, उरलेले मावले नाहीत. त्यांनी कुठेतरी टिचकी मारली, शिक्का मारून आमची प्रत परत दिली आणि मला म्हणाल्या, "अशीच लिहीत राहा."

मी घरी चालत आले नाही. मी तरंगत आले.

मुदत संपल्यावर पाचव्या दिवशी सुनावणी होती. दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी होती, आणि पाटी इतकी जुनी होती की तिलाच दुरुस्तीची गरज होती. आजोबा पायऱ्या मोजत चढले, अठ्ठेचाळीस. शिंपीआजोबाही आले होते. त्यांना लिहिण्यावर विश्वास नाही, ते तोंडी हरकत घेणार होते. आम्ही तिघं पहिल्या रांगेत बसलो. मागच्या सगळ्या रांगा हार्डवेअरच्या दुकानवाल्या अध्यक्षांनी भरल्या होत्या. ते व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या मंडळाची हरकत वेगळीच होती. सिग्नलच्या बदलाबरोबर दुकानांसमोरची गाड्या लावायची जागा जाणार होती, ती त्यांना हवी होती.

उपअभियंता साहेब आले. थकलेले, सभ्य, हातात पाण्याची बाटली. त्यांनी यादी वाचायला घेतली न घेतली तोच अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "चालू देणार नाही! आधी जागेचं बोला!" मागचे चाळीस लोक उभे राहिले. एकाने खुर्ची आडवी केली. दुसरा साहेबांना अरे-तुरे करू लागला. माझ्या कानाची पाळी तापली, आजोबांनी मान खाली घातली. साहेब बाटलीतलं पाणी प्याले, शेजाऱ्याशी कुजबुजले आणि म्हणाले, "ठीक आहे. गाड्यांची जागा आहे तशीच ठेवू. बसा."

किती वेळ लागला असेल? माझ्या हातात स्टॉपवॉच होतंच. चार मिनिटं दहा सेकंद.

मग आणखी दोन-चार नावं झाली आणि साहेबांनी फाइल मिटली. आजोबांचं नाव आलंच नाही. आजोबांनी हात वर केला. शाळेत करतात तसा, कोपरापासून सरळ.

"माझा अर्ज होता."

साहेबांनी फाइल परत उघडली. बोट खाली खाली नेलं आणि त्यांचा थकलेला चेहरा एकदम उजळला.

"अहो आजोबा, तुम्ही तर समर्थनात आहात! समर्थकांना बोलवत नाही आम्ही, त्यांना कशाला त्रास? पूर्ण शहरातून एकच समर्थन आलं, ते तुमचं." आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, "'ही आपली भूमिका माणुसकीची आहे. तिचा आम्ही मनापासून आदर करतो.' फार बरं वाटलं वाचून. खरंच."

मागून कुणीतरी "वा रे वा" म्हणालं. कुणीतरी टाळी वाजवली, टोमणा मारल्यासारखी.

मी उभी राहिले. माझा तो नवा आवाज, अंगठ्याएवढ्या चषकाचा, कुठे गेला होता कोण जाणे. "पण दुसरा परिच्छेद..." मी म्हटलं. "त्यात तथापि आहे..."

"बाळा, वेळ संपली. काही असेल तर लेखी द्या."

"लेखीच दिलंय."

"तेच तर वाचलं मी."

आजोबा शिंपीआजोबांकडे बघत होते, कारण शिंपीआजोबा उठून उभे राहिले होते आणि गळ्यातली टेप घडी करून खिशात घालत होते. मी त्यांना टेप खिशात घालताना कधी पाहिलेलं नव्हतं.

"चाळीस वर्षं आपण मला तोंडावर विरोध केलात," ते म्हणाले. "पाठीमागे समर्थन कधीपासून करायला लागलात?"

आणि ते अठ्ठेचाळीस पायऱ्या एकटेच उतरून गेले. तोंडी हरकत तशीच राहिली.

चार दिवसांनी निर्णय लागला. अठरा सेकंद. कागदात लिहिलं होतं, 'एका ज्येष्ठ नागरिकाने सदर प्रस्ताव माणुसकीचा असल्याचे नमूद केले आहे.' खाली आजोबांचं नाव, पत्त्यासकट. इमारतीच्या जिन्यात मला शेजारणी थांबवून विचारू लागल्या, "काय गं, आजोबांना काय मिळालं?" विमेवाले काका तर पेढ्यासारखा गोड आवाज काढत आले. "मानलं तुम्हाला! साहेबांच्या बाजूने लिहिलंत, पुढचं बघून. आता माझं एक काम आहे तिथे, गच्चीच्या शेडचं. तुमचा शब्द टाका की."

"माझा शब्द तिथे पडला की उलटा होतो," आजोबा म्हणाले. काकांना तो विनोद वाटला.

मी परत खिडकीवर गेले. दुरुस्तीचा अर्ज असतो, तो भरला. बाईंनी मला ओळखलं, हसून पाणी विचारलं. मग अर्ज वाचून म्हणाल्या, "अगं, दुरुस्ती नावात करता येते, पत्त्यात करता येते. मत बदलायची सोय नाही."

"मत आम्ही बदललं नाही. तुम्ही बदललंत."

"तेच म्हणतेय ना, मत बदलायची सोय नाही." आणि मग जरा खालच्या आवाजात, मनापासून, "तू शिवी दिली असतीस ना पहिल्या ओळीत, तर मी डोळे मिटून हरकतीत टाकलं असतं. इतकं गोड कोण विरोध करतं गं?"

मी दुरुस्तीचा अर्ज घडी करून दप्तरात टाकला.

पंधरा दिवसांनी टपालाने पत्र आलं. 'आपल्या समर्थनाबद्दल आभार. ज्येष्ठ नागरिकांनी मधील दुभाजकावर थांबून दोन टप्प्यांत रस्ता ओलांडावा.' बाबा म्हणाले, "बघा, नम्रपणे लिहिलं तर उत्तर तरी आलं." त्या रात्री आईने बाबांना जेवताना दुसऱ्यांदा वाढलं नाही.

पण खरा प्रश्न सिग्नलचा नव्हता, बाकाचा होता. शिंपीआजोबांना फोनवर ऐकू येत नाही, आणि आजोबांना पलीकडे जाता येत नव्हतं. मग निरोप्या कोण? मी. रोज शाळेआधी मी अठरा सेकंदांत पळत जायची, पळत यायची. "आजोबा म्हणतात की गैरसमज झाला." पळत परत. "शिंपीआजोबा म्हणतात, छापलेलं खोटं असतं का?" परत. "आजोबा म्हणतात, आपलं म्हणणं असं आहे ना, की जो माणूस समोर एक आणि मागे एक बोलतो त्याच्यापेक्षा शिवीगाळ करणारा बरा?" पलीकडे पोचून मी धापा टाकत हे सांगितलं, तेव्हा शिंपीआजोबा पहिल्यांदा जरा हलले. "बरोबर," ते म्हणाले. "हेच म्हणायचं होतं मला." मग मी दप्तरातून शिक्का मारलेली आमची प्रत काढली.

त्यांनी तिन्ही परिच्छेद वाचले. मग परत पहिला वाचला. मग चष्मा काढला.

"हा पहिला वाचून मलाही वाटलं, वेळ कमीच करावी." मग टेप खिशातून काढून गळ्यात घातली. "सांग त्यांना, पत्र उत्तम आहे. पण आठ ते अकरा ही वेळ मला मान्य नाही. साडेसात हवी होती."

मी इतक्या जोरात परत पळाले की सिग्नल लाल होता हेही पाहिलं नाही. हवालदाराने शिट्टी मारली. मारू दे.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी मोजणी केली. पूर्ण रस्ता चौतीस, म्हणजे अर्धा सतरा. अठरातला एक सेकंद शिल्लक! बाकापर्यंत जाऊन परत यायचं तर जाताना आणि येताना, दोनदा दुभाजकावर ताटकळावं लागणार. त्यापेक्षा दोघंही अर्धं अर्धं आले तर? सकाळी आठ वाजता सिग्नल हिरवा झाला, इकडून आजोबा निघाले आणि तिकडून शिंपीआजोबा, आणि दोघं बरोबर मध्यावर, दोन फूट रुंदीच्या त्या दुभाजकावर भेटले. दोन्ही बाजूंनी बस, ट्रक, स्कूटर आणि मध्ये हे दोघं, अर्धं अर्धं वर्तमानपत्र धरून. धुरात एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते, "आपलं म्हणणं असं आहे ना!" आणि "बरोबर! पण!" शाळेत जाताना मला बसच्या खिडकीतून ते दिसले आणि मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. शेजारच्या मुलीने रुमाल दिला, म्हणजे रडलेच असणार.

हे अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी नगरपालिकेच्या माणसाने त्यांचा फोटो काढला. दोघं छान ताठ उभे राहिले. चौकातल्या खांबावर नवा कागद लागला, फोटोसकट. 'ज्येष्ठ नागरिकांकडून दोन टप्प्यांच्या योजनेचे उत्स्फूर्त स्वागत. तथापि', हो, तथापि, त्यांनीही वापरला, 'काही नागरिक दुभाजकाचा वापर विरंगुळ्यासाठी करताना आढळल्याने, सुरक्षेच्या दृष्टीने तेथे लोखंडी कठडा बसवून थांबण्यास मनाई करण्याचे योजिले आहे. हरकती वा सूचना तीस दिवसांच्या आत.'

मधे थांबा असं सांगणारं पत्र आमच्या फ्रिजवर अजून चिकटवलेलं होतं.

संध्याकाळी आजोबांनी कोरा कागद घेतला. "लिही. महोदय, नागरिकांच्या सुरक्षेची आपली चिंता..."

मी पेन खाली ठेवलं. "आजोबा, मला हे मान्य नाही."

ते खूश झाले. खरंच खूश झाले. "सांग. पण आधी माझं म्हणणं मांड."

मी मांडलं. म्हटलं, "तुमचं म्हणणं असं, की टेबल आपटून मिळवलेली गोष्ट उद्या जास्त जोरात आपटणारा काढून घेतो. ज्याला रस्ता ओलांडायला चौतीस सेकंद लागतात, त्याचा हात टेबल आपटण्याइतका जड नसतो. त्याला ऐकून घेणारी माणसं असलेलंच गाव लागतं, म्हणून निदान आपण तरी ऐकून घ्यायचं सोडायचं नाही."

"बरोबर," आजोबा म्हणाले. "हेच. आता तुझी हरकत."

"ते दुसरा परिच्छेद वाचत नाहीत."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. आजोबांनी तिकडे मान वळवून विचारलं, "सूनबाई, तू त्या वेळी काय म्हणाली होतीस? वर काय लिहायचं?"

"आता विचारताय," आई म्हणाली. पण बाहेर आली, मी खाली ठेवलेलं पेन उचललं आणि कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'विरोध'. खाली दोन रेघा मारल्या. इतक्या जोरात की कागद फाटला.

त्याखाली बाकीचं सगळं आम्ही तसंच लिहिलं. महोदय, आपली चिंता, तथापि. आजोबा एक शब्द गाळू देईनात. खिडकीतल्या बाईंनी वरचा शब्द पाहिला, नाराज झाल्या, टिचकी मारली. "आता बरोबर पडलं हरकतीत," त्या म्हणाल्या. बाकीचं त्यांनी वाचलं नाही.

हरकती घेण्याची मुदत तीस दिवसांची होती. कठडा बाविसाव्या दिवशी बसला. चकचकीत पिवळा, वर पाटी, 'येथे थांबू नये'. चौकशी केली तेव्हा कळलं, ठेकेदाराला आधीच सांगून ठेवलेलं होतं. सुनावणी मात्र ठरल्या दिवशी होणार आहे म्हणे. आजोबा जाणार आहेत. अठ्ठेचाळीस पायऱ्या. हात कोपरापासून सरळ वर करणार आहेत.

हल्ली सकाळी आठ वाजता मी आजोबांबरोबर अलीकडच्या फुटपाथवर उभी असते. पलीकडे शिंपीआजोबा उभे असतात. सिग्नल हिरवा होतो, अठरा, सतरा, सोळा, आणि कुणीच पाऊल खाली टाकत नाही. काल पलीकडे शिंपीआजोबा हळूहळू मान हलवत होते, डावीकडून उजवीकडे.

"बघ," आजोबा म्हणाले. "मान्य नाही त्यांना."

"पण आजोबा, तुम्ही अजून काही बोललातच नाही."

"मी काय बोलणार ते त्यांना ठाऊक आहे. शेवटपर्यंत." त्यांनी काठीवरचा हात बदलला. "म्हणून तर त्यांच्या नकाराला किंमत आहे."

तीन, दोन, एक. मधून बस गेली. मग ट्रक. मग दिसायचंच बंद झालं.